सर्किटच्या सॉफ्टवेअरला इतकी बटणं कशाला?

लॅबमास्तर, रत्नागिरी
दुसऱ्या वर्षाच्या पोरांना किकॅड (सर्किट काढायचं सॉफ्टवेअर) शिकवायला घेतलंय. काम साधं: टाकी भरली की बागेतला पंप बंद करणारं सर्किट. एक ट्रान्झिस्टर, एक रिले, रिलेवर उलटा डायोड, चार रेझिस्टर. पहिला अर्धा तास "सर, यातलं कुठलं बटण?" यातच गेला. लॅबचे स्क्रीन १३६६ बाय ७६८चे. डावीउजवीकडे पट्ट्या, वर आणखी, मधे उरतो पोस्टकार्डाएवढा कागद.

माझं मत: उघडल्यावर चारच गोष्टी दिसाव्यात. पार्ट ठेवा, वायर ओढा, पॉवर-ग्राउंड लावा, तपासा. बाकीचं ज्यावर क्लिक कराल त्याप्रमाणे समोर यावं. बसच्या (अनेक वायरी एकाच जाड रेघेने दाखवायच्या) बटणाला माझ्या पोरांनी वर्षभरात हात लावलेला नाही.

एमआयडीसीवाला, कुडाळ
साफ असहमत. पंगतीला बसलात की मीठ वर मधे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. न बघता हात जातो. तुमचं क्लिकनुसार बदलणारं प्रकरण म्हणजे दर घासाला मिठाची जागा हलवणं. आणि पोरं उद्या ईसिमवर बसली (आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं सर्किट-सॉफ्टवेअर) तरी सर्किट काढायला आत किकॅडच आहे. आज चार बटणांची सवय लावाल, उद्या तिथे पुन्हा पहिल्यापासून.

मी तर माऊस फारसा वापरतच नाही. 'ए'ने पार्ट, 'डब्ल्यू'ने वायर, 'आर'ने फिरवणं.

लॅबमास्तर
तुमचे शॉर्टकट तुमच्या बोटांत बसलेत हो. 'एम' दाबून पार्ट हलवला की वायर मागेच राहते, आणि 'जी'ने हलवला की सोबत येते, हे नवख्याला कुठून कळावं? बाय द वे, १९९२ मध्ये किकॅड सुरू करणारे ज्याँ-पिएर शारास हेही शिकवणारेच. पोरांचे चेहरे त्यांनीही पाहिले असणार!

होडीवायरमन, मालवण
माझो झील डिप्लोमाक आसा. तेका बटन गावता, पण ता दाबल्यार काय होतला ता कळना नाय. लपवलास तर गावचाव नाय.

परशुरामची, चिपळूण
तुम्ही सगळे बटणं मोजताय. माझं नुकसान बटणांनी नाही, न दिसलेल्या माहितीने झालं.

किकॅडमध्ये पिना साधारण १.२७ मिमीच्या ग्रिडवर (कागदावरच्या ठिपक्यांच्या जाळीवर) बसतात. मी कशासाठी तरी ग्रिड बारीक केली होती आणि तशीच विसरले. वायर पिनेला टेकलेली दिसत होती, जोडलेली नव्हती. मोकळ्या पिनेवर इवलासा गोल असतो खरा, पण पूर्ण शीट बघायला झूम आउट केलं की तो कुणाला दिसणार? दहा बोर्ड बनवून आले, दहाही बोर्डांवर ऑप्टोची (प्रकाशातून सिग्नल देणाऱ्या पार्टची) एक पिन हवेत. ब्लेड आणि सोल्डर घेऊन दोन रात्री बसले, त्यात पाऊस, लाईटचा खेळ.

एमआयडीसीवाला
ईआरसी (जोडण्यांतल्या चुका शोधणारी तपासणी) चालवलं असतंत तर "पिन जोडलेली नाही" असं स्पष्ट आलं असतं. यात यूआयचा, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीचा, काय दोष?

परशुरामची
नाही चालवलं, चूक माझी. पण ते दाबल्याशिवाय बोलतच नाही, हाच माझा मुद्दा आहे. घाईत कोण दाबतं? शीट काढत असताना "मोकळ्या पिना: १" असा आकडा सतत समोर का नको? मास्तर, तुमचं बसचं बटण काढा आणि ती जागा याला द्या.

लॅबमास्तर
अर्धवट सर्किटला तो आकडा चाळीस दाखवेल. पोरं घाबरतील.

परशुरामची
चाळीसवरून शून्यावर येताना बघतील की. माझ्या डोळ्यांसमोर असता तर मी शून्य झाल्याशिवाय ऑर्डर दिली नसती.

एमआयडीसीवाला
आकडा चालेल. खाली डाव्या कोपऱ्यात. आणि एकदा ठेवलात की तिथून हलवायचा नाही.