मदत हवी आहे: सुट्टीत दुपारी १२ ते ५ मुलांचं काय करता? बजेट जेमतेम आहे

धायरीची_आई
नमस्कार मंडळी, सुट्टी लागून आठ दिवस झाले आणि मी हात टेकलेत. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ची. दरवर्षी महिनाभर गावाला जातात पण यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे गाव रद्द, त्याच इकडे आमच्याकडे आल्यात. जवळच्या एका समर कॅम्पची चौकशी केली तर तीन आठवड्यांचे एकाचे साडेसहा हजार म्हणाले, म्हणजे दोघांचे तेरा, आणि वर डबा आपला! मी म्हटलं विचार करून सांगते.
सकाळचा प्रश्न नाहीये, सात ते नऊ खाली सायकल चालते. संध्याकाळी सोसायटीतली पोरं असतात. घोडं अडतं ते दुपारी. माझं घरून काम, कॉल चालू असतात, सासूबाई जरा पडलेल्या असतात आणि ह्या दोघांची "मोबाईल दे"ची भुणभुण. तर आवाज न होणारं, घरात बसून करण्यासारखं आणि पूर्ण सुट्टीत मिळून दोनेक हजारात बसेल असं काय ते सांगा. यूट्यूब सुचवू नका प्लीज, तिथूनच तर सुटका हवीये.

पेठेतला_पक्का
पेशवे पार्कची फुलराणी, ती छोटी आगगाडी, दाखवा की, १९५६ साली सुरू झाली, आमच्या तीन पिढ्या बसल्या त्यात. मग पर्वती, कात्रजचं प्राणी संग्रहालय, केळकर संग्रहालय, पीएमपी बसचा दिवसाचा पास काढला की झालं.

धायरीची_आई
काका, यादी छान आहे पण दुपारी दोनला पर्वती चढवू का पोरांना? 🙂 आणि कात्रज बुधवारी बंद असतं हे आम्ही मागच्या वर्षी गेटपर्यंत रिक्षाने जाऊन शिकलोय.

व्हॉलट्यूब
ताई, सायकलच्या दुकानात व्हॉलट्यूब मागा, ती बारीक रबरी नळी. अगदी स्वस्तात मिळते. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि काड्यापेटीच्या काड्या त्यात दोन्हीकडून खुपसायच्या की झाला सांधा. काड्यांचं गुल आधी तुम्ही स्वतः खरवडून टाका, ते मुलांच्या हातात नको. तिसरी काडी जोडायला नळीला मधे सुईने भोक पाडायचं. आधी त्रिकोण करायला सांगा, मग चौकोन. चौकोन दाबला की लुळा पडतो, त्रिकोण हलत नाही. का, ते सांगू नका, त्याला डोकं खाजवू दे. आमच्याकडे ह्यावर तीन दुपारी गेल्या, घर, पूल, काय काय झालं. हे खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचं, पुण्यातल्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान केंद्र आहे, तिथे बरीच वर्षं होते ते. त्यांच्या वेबसाइटवर पुस्तकं फुकट आहेत, मराठीसुद्धा. तुम्हीच रात्री बघून ठेवा, म्हणजे स्क्रीन पोरांपर्यंत जायला नको.

टेकडीवाला
शून्य सावली विसरू नका! पुण्यात १३-१४ मेच्या आसपास साधारण १२:३१ ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आतापासून रोज त्याच वेळेला गच्चीत पाच मिनिटं जा, सरळ बाजूंचा (निमुळता नको) स्टीलचा ग्लास उपडा ठेवा आणि सावलीच्या टोकावर खडूने खूण करून तारीख लिहा. सावली रोज थोडी थोडी आखडत जाते आणि त्या दिवशी ग्लासच्या बुडाखाली गायब. मुंबईत हे एक-दोन दिवसांनी होतं, दिल्लीत कधीच नाही कारण ती कर्कवृत्ताच्या वर. दिल्लीत मावसभाऊ वगैरे असेल तर फोन करून चिडवायला उत्तम. चप्पल घालून पाठवा, गच्ची तापलेली असते.

चिंचेचा_कोळ
अहो घरात आजी आहे ना, मग कसला कॅम्प! पत्त्यांचा जोड द्या त्यांच्या हातात. झब्बू, बदाम सात, मोठ्याला मेंढीकोट. सागरगोटे पण शिकवतील, ते खेळण्यांच्या दुकानात शोधू नका, काष्ठौषधीच्या दुकानात मागा, औषधी बी आहे ती. फक्त फरशीवर नको, सतरंजीवर खेळवा नाहीतर खालचे लोक वर येतील.

धायरीची_आई
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी. पत्ते हिट आहेत पण "आवाज न होणारं" ही अट गेली खड्ड्यात, कारण सर्वात जास्त आरडाओरडा सासूबाईंचा असतो. उतारीच्या वेळी पानं लपवतात आणि सहा वर्षांच्या नातीने पकडलं की औषधाची वेळ झाली म्हणतात. पण गुडघ्याचे व्यायाम आता न सांगता करतात, कारण नात प्रत्येक व्यायामाला हुकमाचं एक पान देते, हे त्या दोघींनी ठरवलंय, मला विचारू नका.
मुलगा त्या काड्यांत बुडालाय. काल बसमधून जाताना मोबाईल टॉवर दिसला तर ओरडला, "आई, सगळे त्रिकोणच आहेत!" आत्तापर्यंतचा खर्च चारशेच्या आत आहे, त्यात रबरी नळी दोनदा आणली ते धरून. गच्चीवरच्या खुणा मात्र परवा कोणीतरी पाणी मारून धुतल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
सागरगोटे अजून मिळाले नाहीत, सिंहगड रोडला दोन दुकानांत नाही म्हणाले. मंडईकडे नक्की कुठल्या गल्लीत मिळतील कोणी सांगेल का? शनिवारी त्या बाजूला जाणार आहे.