मदत हवी आहे: सहलीतल्या काकूंचा पासपोर्ट पट्टायात हरवला, परवा रात्री परतीचं विमान

दापोलीकरीण | शुक्रवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही नवरा-बायको दापोलीत सहलींचा छोटा धंदा करतो. अष्टविनायक, गाणगापूर, दोनदा चारधाम. परदेशात ग्रुप नेण्याची ही पहिलीच वेळ. हे 17 माणसं घेऊन थायलंडला गेलेत, मी इथे ऑफिस सांभाळते. (ऑफिस म्हणजे आमच्या घराची ओटी आणि एक प्रिंटर.)

आज सगळे बाली हाय धक्क्यावरून बोटीने कोरल आयलंडला गेले होते. संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर आंजर्ल्याच्या एका काकूंच्या लक्षात आलं की पासपोर्ट नाही. वय 66, घरच्या कोणाशिवाय आलेल्या, पहिलाच परदेश. पासपोर्ट कापडी बटव्यात होता, बटवा कमरेला. बटवा जागेवर आहे, त्यात 400 बाट आहेत, सुपारीची डबी आहे, पासपोर्ट तेवढा नाही. बटव्याचा बंद सैल झालेला दिसतोय.

परवा रविवारी रात्री विमान, कोलंबोमार्गे मुंबई. भारतीय दूतावास बँकॉकला आणि शनिवार-रविवार बंद. आत्ताच पोलिसांत जायचं की सकाळपर्यंत शोधायचं? पासपोर्टशिवाय माणूस परत आणतात कसा? आणि मुख्य म्हणजे ह्यांनी काकूंजवळ थांबायचं की बाकीच्या 16 जणांबरोबर यायचं? लीडर एकच आहे हो.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे, तो खाली जोडलाय.

दर्यावर्दी | रात्री 9:18

ताई, आधी तो फोटो काढा. नाव, नंबर, जन्मतारीख सगळं उघड्यावर मांडलंत. मग बोलू.

दापोलीकरीण | रात्री 9:21

काढला. डोकं ठिकाणावर नाहीये.

खाडीपलीकडे | रात्री 9:34

घाबरू नका. मी मूळचा खेडचा, 14 वर्षं दुबईत काढली. तिथे हे दर आठवड्याचं प्रकरण. आम्ही ज्याला आउटपास म्हणायचो ते कागदोपत्री इमर्जन्सी सर्टिफिकेट, थोडक्यात ईसी. दूतावास देतो. ते फक्त भारतात परतण्यापुरतं, एकाच प्रवासाचं. नवीन पासपोर्टही दूतावासातून मिळतो, पण त्याची पडताळणी भारतातून होऊन यायची म्हणजे दिवस जातात. काकूंना घरी यायचंय ना? मग ईसीच मागा.

लागतं काय: पोलीस रिपोर्ट, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, फोटो, भरलेला अर्ज आणि पासपोर्ट कसा हरवला ते लिहून सही केलेला कागद. काकूंना स्वतः जावं लागेल, त्यांच्या वतीने दादांना काही करता येणार नाही. झेरॉक्स नसेल तर खात्री करायला वेळ लागतो, असेल तर निम्मं काम झालं. शेवटचं पान आहे का? पत्ता, आईवडिलांची नावं आणि फाइल नंबर असतो तिथे.

दापोलीकरीण | रात्री 9:41

नाही हो. तिकिटापुरतं पहिलं पान व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं होतं. शेवटच्या पानाचं कधी सुचलंच नाही.

सुपारीबाग | रात्री 9:50

राग मानू नका, पण पासपोर्ट लीडरकडे का नव्हते? ज्येष्ठांचे तरी? पैसे घेता तर एवढं नको बघायला?

दापोलीकरीण | रात्री 9:58

ह्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, "पासपोर्ट खोलीत ठेवू नका, अंगावर ठेवा." काकूंनी तेच केलं. चूक त्यांची नाही.

सहलवाला_रत्नांग्री | रात्री 10:15

सुपारीबाग, तो वाद नंतर घालू, मीही भाग घेईन.

ताई, 11 वर्षं ग्रुप नेतोय, माझ्याकडे तीन वेळा पासपोर्ट हरवलेत. पहिल्यांदा मी धावत पोलिसांत गेलो, सगळं रीतसर केलं आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट त्या गृहस्थांच्या बुटात सापडला. चोराच्या भीतीने त्यांनीच कोंबला होता. उपयोग शून्य. एकदा हरवला म्हणून कळवलं की तो पासपोर्ट रद्द होतो, हरवलेल्या कागदपत्रांच्या इंटरपोलच्या यादीतही जातो. नंतर सापडलेल्या पासपोर्टवर प्रवास करायला गेलात तर इमिग्रेशनवर अडकणार.

म्हणून आज रात्री शोधाच. पण "शोधा" म्हटलं की माणसं तीच बॅग सात वेळा उपसतात. काकूंना नुसतं बसवा आणि सकाळपासूनचं क्रमाने विचारा: बटवा किती वेळा उघडला, कशासाठी, तेव्हा हातात काय होतं. बोटवाला, धक्का, जेवणाची जागा, परत आले ती सॉन्गथ्यू (मागे बाकं असलेली भाड्याची गाडी), सगळीकडे हॉटेलच्या माणसाकरवी थाईमध्ये फोन लावा. खोलीतली सोबतीण असेल तिचीही बॅग बघा, एकीचा पासपोर्ट दुसरीच्या पाकिटात जातो. उद्या सकाळी दहापर्यंत मुदत, त्यापुढे शोधणं बंद. टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजी चालतं.

दूतावास बंद असला तरी वेबसाइटवर अडचणीतल्या भारतीयांसाठी आणीबाणीचा नंबर असतो. आजच फोन करून प्रकरण कानावर घाला. ईसी त्याने मिळणार नाही, पण सोमवारी नेमके कोणते कागद हवेत ते कळेल.

आणि काकूंचं कोलंबोचं तिकीट विसरा. ईसीवर तिसऱ्या देशातून जायचं म्हटलं की विमान कंपनी चढू देईलच असं नाही. बँकॉक-मुंबई थेट घ्या, पण ईसी हातात आल्यावरच.

दापोलीकरीण | शनिवार, दुपारी 2:30

काल रात्रभर शोधलं. काकूंना आठवलं, परतताना गाडीचं भाडं द्यायला बटवा उघडला. एका हातात शहाळं होतं. म्हणजे तिथेच पडला असणार. पण पट्टायात तशा निळ्या गाड्या किती धावतात म्हणे, त्यातली आमची कुठली शोधणार?

आज पोलीस रिपोर्ट झाला. सगळा थाईत, फक्त नाव आणि पासपोर्ट नंबर इंग्रजीत. ह्यांनी मला फोटो पाठवला तर काकूंच्या आडनावातला एक एच गायब! परत गेले, दुरुस्त करून शिक्का मारून घेतला.

इकडे मी स्कूटर काढली आणि आंजर्लं गाठलं. आसूदच्या उतारावर दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा गाडी थांबवेपर्यंत रेंज गेली. काकूंच्या घराची चावी शेजारच्या वयनींकडे. त्या म्हणाल्या, "कागुद नं? तिचं समदं फडताळात, बिस्किटाच्या डब्यात." डब्यात घरपट्टीच्या पावत्या, आंबा बागेचा करार, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आणि तळाशी स्पीड पोस्टचं ते पाकीट ज्यातून पासपोर्ट आला होता! आत शेवटच्या पानाची झेरॉक्स नव्हती, पण पासपोर्ट केंद्रात अर्ज केला त्या दिवशीची पावती होती, फाइल नंबरासकट. आधार कार्डही मिळालं. तिथेच ओटीवर बसून फोटो काढले. ते पाठवायला मात्र खाडीच्या पुलापर्यंत यावं लागलं.

आता उद्याचं सांगा. हे म्हणतात मी थांबतो. ग्रुपमधले दोघे भडकलेत, "आम्ही लीडरचे पैसे दिलेत."

दर्यावर्दी | दुपारी 3:05

मी बोटीवर होतो, आता निवृत्त. माझं मत सरळ आहे: ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याजवळ लीडर. बाकीच्यांकडे पासपोर्ट, तिकीट, एकमेकांची सोबत, सगळं आहे. 66 वर्षांच्या बाईला परक्या शहरात एकटं सोडून आलात तर आंजर्ल्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पण ग्रुपलाही वाऱ्यावर सोडू नका. दोन माणसं नेमा, एक पुढे चालणारा, एक शेपटाला. शेपटाचा माणूस महत्त्वाचा, तो शेवटचा माणूस हलल्याशिवाय हलत नाही. कोलंबोला विमान बदलताना बाथरूमला जाणाऱ्याने त्याला सांगून जायचं.

सहलवाला_रत्नांग्री | दुपारी 3:20

सहमत. स्थानिक गाइडला पैसे देऊन विमानतळावर चेक-इन होईपर्यंत ग्रुपबरोबर ठेवा. सुवर्णभूमी विमानतळ पट्टायाहून बँकॉकला जाताना वाटेतच लागतो. दादा आणि काकू त्याच बसने तिथपर्यंत जातील, सगळ्यांना आत सोडतील आणि टॅक्सीने पुढे बँकॉकमधल्या सुखुमवितला. दूतावास सुखुमवित सोई 23 वर आहे, हॉटेल जवळपासच घ्या. हॉटेलात चेक-इनला पासपोर्ट मागतात, म्हणून आधीच फोन करून पोलीस रिपोर्ट आणि पहिल्या पानाची प्रत चालेल का ते विचारा.

भडकलेल्यांना तुम्ही इथून फोन करा, दादांनी नव्हे. मुंबईला उतरवून घ्यायला स्वतः या, म्हणजे राग निम्मा होतो.

दापोलीकरीण | सोमवार, सकाळी 11:00

ग्रुप सुखरूप आला. हर्णैचे एक निवृत्त हेडमास्तर शेपटाला होते. त्यांनी कोलंबोत तीनदा हजेरी घेतली, पट काढून! मी बस घेऊन मुंबईला गेले होते. भडकलेल्यांपैकी एकजण काकूंसाठी 2000 रुपये देऊन गेला. दुसरा अजून बोलत नाही.

ह्यांचा आत्ताच फोन आला, दूतावासात अर्ज घेतला. फाइल नंबरची पावती फार कामाला आली म्हणाले. उद्या या, असं सांगितलंय.

खाडीपलीकडे | सकाळी 11:40

छान. पण ईसी मिळाली की लगेच तिकीट काढू नका. काकूंचा थायलंडमध्ये शिरल्याचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता. नव्या कागदावर त्याची नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर बाहेर पडताना विचारतील, आत कधी आलात? बँकॉकचं इमिग्रेशन ऑफिस चेंग वत्तानाला आहे, सुखुमवितपासून लांब. पोलीस रिपोर्ट आणि दूतावासाचं पत्र बरोबर न्या, आणि तो अर्धा दिवस गेलाच म्हणून धरा.

दापोलीकरीण | गुरुवार, रात्री 8:15

काकू काल पहाटे मुंबईत उतरल्या, आज आंजर्ल्यात पोचल्या. मंगळवारी दुपारी ईसी मिळाली, त्याच दिवशी चेंग वत्तानाला नोंद झाली आणि रात्रीचं थेट विमान घेतलं. ह्यांचं वजन दोन किलो उतरलंय. काकूंचं नाही. दूतावासाबाहेर बसल्या-बसल्या त्यांनी एका पंजाबी बाईशी मैत्री केली आणि तिला आंबापोळी खायला घातली म्हणे.

आता राहिलेलं. दोन हॉटेलच्या रात्री, टॅक्सी, दोघांची नवी तिकिटं, सगळं मिळून 61,000 गेले. काकू म्हणतात, "मी देते, आंब्याचे आले की." घ्यायचे का? आणि नवीन पासपोर्टला इथे पुन्हा पोलीस तक्रार लागेल का?

सहलवाला_रत्नांग्री | रात्री 8:50

पासपोर्ट: पासपोर्टच्या पोर्टलवर री-इश्यू (पुन्हा देणे) निवडा, कारणाच्या जागी "हरवला". थायलंडच्या पोलीस रिपोर्टची मूळ प्रत जपा, आता तोच आधार. तो थाईत आहे म्हणून भाषांतर करून ठेवा. सोबत परिशिष्ट एफचं (हरवलेल्या पासपोर्टसाठीच्या ठरलेल्या नमुन्याचं) प्रतिज्ञापत्र. ईसीचे आणि त्यावरच्या शिक्क्यांचे फोटो असतील तर तेही न्या. 36 पानी पासपोर्टला हरवल्याच्या प्रकरणात 3000 रुपये फी आहे, नेहमीच्या दुप्पट. घरी पोलीस पडताळणीला येतील, शेजारच्या वयनींना सांगून ठेवा.

पैसे: प्रवास विमा काढला होता ना? त्यात पासपोर्ट हरवण्याचं कलम बघा. ईसीची आणि नव्या पासपोर्टची फी बहुतेक मिळते, हॉटेलचं पॉलिसीवर आहे. काकूंच्या तिकिटाचे पैसे काकूंकडून घ्या, दादांचा खर्च तुमचा. मी असंच करतो, आणि हे आता बुकिंगच्या फॉर्मवर छापलेलं असतं.

सुपारीबाग | रात्री 9:05

आता वाद घालायचा का? पासपोर्ट कोणाकडे?

दर्यावर्दी | रात्री 9:20

बोटीवर आमचे कॅप्टनकडे असायचे, तिजोरीत. पण लीडरकडे तिजोरी नसते, पाठीवर पिशवी असते. ती गेली तर एका फटक्यात 18 गेले. समुद्रावर जायच्या दिवशी पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, प्रत्येकाच्या खिशात झेरॉक्स. प्रवासाच्या दिवशी ज्याचा त्याच्याकडे, आणि बसमध्ये चढताना प्रत्येकाने तो वर धरून दाखवायचा. मोजता येतात.

दापोलीकरीण | रात्री 9:45

हे पटलं. फेब्रुवारीत व्हिएतनामचा ग्रुप आहे, 14 जण. आज बसून सगळ्यांची पहिली आणि शेवटची पानं मागवली. 11 आली. उरलेल्या तिघांपैकी एक आंजर्ल्याच्या वयनी आहेत. त्या म्हणाल्या, "तूच ये गो घरला, डबा तुला ठावा हायच."