‘चूक वैमानिकाचीच’ म्हटलं की विषय संपतो का?

ओझरकर
परवा गंगापूर रोडच्या कट्ट्यावर मित्र म्हणाला, “शेवटी वैमानिकच चुकतो, यंत्र नाही.” तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

मी ओझरला विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. प्रत्येक पाना बोर्डावर आपल्या जागी लागल्याशिवाय पॅनेल बंद होत नसे. एकदा एक छोटा पाना सापडेना, तर आम्ही रात्री अकरापर्यंत थांबलो. कुणी कुणाला हलगर्जी म्हटलं नाही. माणूस विसरणार, हे धरूनच ती पद्धत बसवलेली होती. कॉकपिटची चेकलिस्टही अशीच आली. १९३५मध्ये बोईंगचं मॉडेल २९९ उडाल्याबरोबर कोसळलं, कारण शेपटाच्या पंखांना जमिनीवर लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवणारे नवशिके नव्हते.

पण सगळ्यात अवघड सवय तोंड उघडण्याची. मंगळूर, २२ मे २०१०: एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान उतरताना धावपट्टीपलीकडे दरीत कोसळलं, १५८ बळी. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत बाहेर आलं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, विमान फार उंचावरून उतरायला आलं आणि सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टननी ऐकलं नाही. सहवैमानिकानेही विमान हातात घेतलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दोनदा सांगून ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा सांगत बसायचं नाही, विमान ताब्यात घ्यायचं. तो नुसता अधिकार नको, सक्ती हवी.

घाटमाथा
सहमत. मी इगतपुरीचा, रेल्वेगाडी चालवण्यात आयुष्य गेलं. सिग्नल दिसला की मी मोठ्याने म्हणायचो, असिस्टंट तेच परत म्हणायचा. नव्या पोरांना लाज वाटते, पण तोंडाने म्हटलं की डोळा फसत नाही. असिस्टंटच्या बाजूलाही आपत्कालीन ब्रेक असतो. समोर लाल आहे आणि ड्रायव्हर थांबत नाही, तर त्याने परवानगी मागायची नसते.

सिडकोची आई
माझा मुलगा सहवैमानिक आहे, म्हणून हा धागा वाचताना हात थरथरले. तुम्ही सगळे सवयींचं बोलताय. थकव्याचं कोण बोलणार?

मंगळूरचं विमान सकाळी सहाच्या सुमाराला उतरत होतं. रात्रभरचं उड्डाण, शरीर झोपेच्या सगळ्यात खोल वेळेतून बाहेर येत असलेलं. झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही, हेही त्याच अहवालात आहे. कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०: तिथेही विमान उतरताना धावपट्टीपलीकडे गेलं, २१ बळी. तिथे कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानतळावरून उड्डाण होतं. दुसरीकडे उतरलो तर ते चुकेल, हा ताण अहवालाने नोंदवलाय. वेळापत्रक कुणी लावलं? तो कॉकपिटमध्ये बसलेला नव्हता.

वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. नियम पुरते लागू झाले आणि डिसेंबर २०२५मध्ये वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणं रद्द झाली. लगेच नियमांनाच तात्पुरती सूट! मग चूक कुणाची म्हणायची?

आणि यंत्राचंही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बर विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांऐवजी, चाकंच आत घ्यायचे. ‘वैमानिकाची चूक’ असं लिहून मोकळे व्हायचे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही कळा शेजारी, हाताला सारख्याच लागणाऱ्या. चाकांच्या कळेवर रबरी चाक बसवलं आणि गोंधळ थांबला. त्या माणसांना सवय लावून काय होणार होतं?

ओझरकर
ताई, चापानिसचं उदाहरण मान्य. थकव्याचंही मान्य, मी ते सोडलं ही माझी चूक. पण कोझिकोडलाही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलंच होतं. मंगळूरनंतर दहा वर्षांनी, तसंच टेकडीवरच्या धावपट्टीवर! थकलेला कॅप्टन चुकणारच, म्हणून तर शेजारच्याचा हात मोकळा हवा.

जुना हेलिकॉप्टरवाला
असहमत, आणि अनुभवाने असहमत. मी वर्षानुवर्षं शिकाऊंच्या शेजारी बसलो आहे. ताबा घेताना ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं, समोरच्याने सोडल्याचं तोंडाने सांगायचं. तो सोडत नसेल तर? जमिनीपासून शंभर फुटांवर दोन माणसं दोन दिशांना ओढताहेत, यापेक्षा वाईट उतरणंही परवडलं. घाटमाथा, तुमची गाडी थांबली की संकट टळतं. विमान थांबत नाही.

मंगळूरला शेवटी काय झालं आठवा. चाकं टेकून, वेग मारायला इंजिनांचा उलट जोर लावल्यावर कॅप्टननी पुन्हा उडायचा प्रयत्न केला. उशिराचा योग्य निर्णयही घात करतो. तुमची सक्ती अशाच उशिराच्या क्षणी वापरली जाईल.

मी उड्डाणाआधी शेजारच्याला सांगायचो, “अमुक उंचीला मी स्थिर नसलो तर तू म्हण. मी वाद घालणार नाही, वर घेईन.” वचन जमिनीवर, डोकं थंड असताना द्यायचं. आणि एक-दोनदा मुद्दाम चुकायचं, तो बोलतो का बघायला. पहिल्या वेळी बहुतेक जण बोलत नाहीत.

टाके-पट्टी
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. पोट शिवण्याआधी गॉज मोजतो. एक कमी आला की “सर, थांबा” म्हणायचं. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून फक्त “सर” निघालं, “थांबा” राहिलं. सर टाके घालत राहिले. गॉज नंतर बादलीत सापडला, पण त्या रात्री झोप लागली नाही. हेलिकॉप्टरवाल्यांचं पटतं. सक्तीचा कागद आमच्याही भिंतीवर होता.

ओझरकर
वचन देणारा कॅप्टन मिळाला तर उत्तमच. मी न देणाऱ्याबद्दल बोलतोय. तिथे जमिनीपासून शंभर नाही, हजार फुटांवर ताबा घ्या म्हणतो. उंची ठरवून द्या. माझी मागणी मी सोडत नाही.

सिडकोची आई
रात्री मुलाला फोन करून विचारलं. म्हणाला, “आई, पहिल्यांदा सांगताना ‘सर’ म्हणतो. दुसऱ्यांदा ‘सर’ गाळतो, नुसतं ‘कॅप्टन, गो अराउंड’. तसंच शिकवलंय.” तिसऱ्या वेळी काय करशील, असं विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पहाटे चारला गाडी येतेय, झोपतो.