गोलमालमधले ते टकले डॉक्टर मामा

श्रद्धा सी-६०३: काल आईबाबांबरोबर परत जुना गोलमाल बघितला, अमोल पालेकरचा. त्यातले ते टकले डॉक्टर मामा कोण हो? प्रत्येक जुन्या पिक्चरमधे दिसतात आणि नाव मात्र घरात कोणालाच येईना 😄

संदीप ए-२०४: डेव्हिड. गोव्याचा ख्रिश्चन होता बहुतेक. बातों बातों में मधला टॉम अंकल पण तोच, लोकलमधे अमोल पालेकरचं जमवून देतो तो.

मोकाशी काका: संदीप, गोवा कुठून काढलंस बाबा 🙏 पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल, अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं ते. बेने इस्रायली होते, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. जन्म १९०९ चा.

संदीप ए-२०४: काय सांगता! ज्यू?? आणि चेऊलकर??

नेने काकू: अरे त्यात काय एवढं, आमच्या गिरगावच्या शाळेत वर्गात पेणकर होती, किहीमकर होती, सगळ्या ज्यूच. रायगडात पूर्वी यांना शनवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या मैत्रिणीकडे मलिदा असायचा, आपल्याकडे सत्यनारायण घालतात ना तसं काहीतरी, एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या नावाने. भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, फळं, आणि डबा भरून आमच्या घरीपण यायचा. पुढे एकेक करून इस्रायलला गेल्या, पत्रं यायची ती मात्र मराठीतच.

श्रद्धा सी-६०३: मग पिक्चरमधे कायम जॉन, टॉम, असलीच नावं का?

डिमेलो अंकल बी-१०१: मी सांगतो. हिंदी पिक्चरवाल्यांना ख्रिश्चन म्हातारा हवा असला की तेव्हा फोन डेव्हिडला 😂 आम्ही वसईचे, घरात मराठी, वाडीत केळी आणि पानवेली, आणि पडद्यावर आमचा माणूस म्हणजे डोक्याला हॅट, हातात बाटली आणि ‘माय चाइल्ड’. राग यायचा खरं तर. पण डेव्हिडचा नाही आला कधी. तो माणूस दारू प्यायलेला दाखवला तरी घरातला वाटायचा, नक्कल करतोय असं वाटायचं नाही.

सेक्रेटरी: ⚠️ सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. उद्या वरची टाकी धुणार आहेत, सकाळी १० ते १ पाणी येणार नाही. कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

सेक्रेटरी: बाकी डेव्हिडना पद्मश्री होती ना हो मोकाशी?

मोकाशी काका: होती, १९६९ ला. (तुम्हीच नियम करा तुम्हीच मोडा 😀)

संदीप ए-२०४: काका राग मानू नका पण मला हे लोक जरा ओव्हररेटेड वाटतात. गोड अंकल, हसरा अंकल, चष्मा लावलेला अंकल, झाला पिक्चर. टाइपकास्ट म्हणतात याला. यात ॲक्टिंग काय करायची?

मोकाशी काका: बरं. मग बस, मोठं लिहितोय. पहिलं म्हणजे हा माणूस काही हौशीने आलेला नाही, पदवी घेऊन वर्षानुवर्षं नोकरी शोधली, मिळाली नाही, तेव्हा १९३७ ला मोहन भवनानींच्या झंबो पिक्चरमधे काम मिळालं. वकिलीचंही शिक्षण होतं. इप्टा या नाट्यसंस्थेच्या मंडळीत वावरलेला, नाटकाचा माणूस, त्यामुळे वाक्य कुठे टाकायचं आणि कुठे गिळायचं हे पक्कं ठाऊक. आता तुझ्या गोड अंकलबद्दल. १९५४ चा बूट पॉलिश बघ. निर्माता राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा, आणि त्यात राज कपूर हिरो नाहीये, पिक्चर आहे दोन अनाथ पोरांचा आणि शेजारच्या जॉन चाचाचा. हा जॉन चाचा लंगडा आहे आणि चोरून दारू विकतो. तेव्हा मुंबईत दारूबंदी होती हे लक्षात घे, म्हणजे धंदा सरळ सरळ तुरुंगात नेणारा. आणि हाच माणूस पोरांना सांगतो भीक मागू नका, हाताने काम करा. दुसऱ्या कुठल्या नटाने हे केलं असतं तर शाळेतलं भाषण झालं असतं. डेव्हिड ते बोलतो तेव्हा कळतं की हा स्वतःलाच पटवतोय, स्वतःला जमलं नाही म्हणून पोरांच्या गळी उतरवतोय. नन्हे मुन्ने बच्चे गाण्यात रफीचा आवाज आहे पण बघताना ते डेव्हिडचंच वाटतं.

नेने काकू: आणि लपक झपक विसरलात? मन्ना डेंचं. अडाणा राग आहे तो, चांगला कसलेला अडाणा, आणि चित्रीकरण बघाल तर तुरुंगात सगळे टकले कैदी आणि मधोमध डेव्हिड, पावसाला बोलावतायत का तर डोक्यावरची शेती वाळत चाललीय म्हणून!! शैलेंद्रने लिहिलंय. तान घेताना डेव्हिडचा चेहरा बघा, मान, भुवया, हात, एखाद्या बैठकीतला बुवाच. गाणं शिकलेल्या माणसालाही खोट काढायला जागा नाही.

मोकाशी काका: बरोबर काकू, आणि त्यातली मेख अशी की आत हे पाऊस मागतायत आणि तो पाऊस खरंच येतो तेव्हा बाहेर पोरांचा धंदा बसतो, कारण पावसात बुटाला पॉलिश कोण करून घेणार? पोरं उपाशी. हसता हसता घशात अडकतं ते. संदीप, १९५५ ला फिल्मफेअरने सहाय्यक भूमिकेचं बक्षीस पहिल्यांदा दिलं ते डेव्हिडला याच कामासाठी. बायकांमधे पहिलं उषाकिरणला, बादबानसाठी. म्हणजे त्या रकान्यातली पहिली दोन्ही नावं आपल्याच भाषेतली.

श्रद्धा सी-६०३: हे कधी ऐकलंच नव्हतं 😮

मोकाशी काका: नंतर त्याच फिल्मफेअरच्या सोहळ्यांचं सूत्रसंचालनही तेच करायचे, त्या काळात कार्यक्रम म्हटला की डेव्हिडना बोलवा असंच होतं. मधल्या काळात अनेक फुटकळ कामं केली, त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, घर चालवायचं असतं. खरी मजा परत हृषीदांकडे, म्हणजे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींकडे. गोलमालमधे नीट बघ, सगळा घोळ सुरू कोण करतं? हा मामाच. नोकरी आहे हेही तोच सांगतो आणि मालक उत्पल दत्तला मिशा नसलेली, खेळाच्या नादी लागलेली तरुण पोरं चालत नाहीत हेही तोच. एवढी सगळी माहिती प्रेक्षकाच्या डोक्यात भरायची आणि भरली जातेय हे कळू द्यायचं नाही, घरी येऊन सहज गप्पा मारल्यासारखं. चुकलं तर पुढचा अख्खा पिक्चर कोसळतो. अभिमानमधेही तसंच, रिसेप्शनला सगळे टाळ्या वाजवतायत आणि बायको नवऱ्यापेक्षा वरचढ गाते, हे पुढे महागात पडणार, हे फक्त त्याला दिसतं. दोन मिनिटांचं काम. ते काढून टाक आणि पिक्चर बघ.

डिमेलो अंकल बी-१०१: मोकाशी तुम्ही मराठीचे मास्तर व्हायला हवे होतात 😂

श्रद्धा सी-६०३: काका ते शेवटी इस्रायलला गेले का?

मोकाशी काका: नाही गं. लग्न केलं नव्हतं. शेवटचे दिवस कॅनडात, टोरोंटोला, वारले तिकडेच.

नेने काकू: श्रद्धा, तुला बघायचंच असेल तर मस्जिद बंदरला सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ चं सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मुंबईतलं सगळ्यात जुनं. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. आणि अलिबागला जाशील तेव्हा इस्रायल आळी विचार, रिक्षावाला बरोबर सोडेल. नुसती किनाऱ्यावर फोटो काढून परत येऊ नकोस.

डिमेलो अंकल बी-१०१: गच्चीवर प्रोजेक्टर लावून बूट पॉलिश दाखवूया का? प्रोजेक्टर माझा.

सेक्रेटरी: परवानगी आहे. आवाज १० नंतर बंद. वेफर्सची पाकिटं गच्चीत टाकायची नाहीत.

संदीप ए-२०४: मी अजून म्हणतो टाइपकास्ट. पण ते लपक झपक बघितलं आत्ता दोनदा. एक सांगा काका, ते सगळे कैदी खरंच टकले होते की विग?

नेने काकू: अरे विग टक्कल झाकायला लावतात रे संदीप 🤦

संदीप ए-२०४: शनिवारी येतो. खुर्च्या मी लावतो.