'मॉर्बिड ओबेसिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: पुण्यात बसून अमेरिकेतल्या इस्पितळांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरलेले कोड देते. नव्या मुलांना शिकवताना अडतं ते असं: 'ओव्हरवेट' ई६६.३, नुसती 'ओबेसिटी' ई६६.९ आणि 'मॉर्बिड' ई६६.०१. आपण तिघांनाही 'जाड' म्हणून मोकळे! एकाने वहीत 'मरणाचा लठ्ठपणा' लिहिलंय.

– मरणाचा उकाडा असतो तसा! पण 'मॉर्बिड'चा मरणाशी संबंध नाही. लॅटिन 'मॉर्बस' म्हणजे रोग, त्यावरून तो शब्द आला. कोडच्या मूळ वर्णनातच पुढे कंसात 'सिव्हिअर' आहे, तेव्हा 'तीव्र स्थूलता' म्हणा. 'ओव्हरवेट'ला 'अतिवजन' पुरे.

– 'लठ्ठपणा' का नको? सगळ्यांना कळतो.

– कळतो, पण पगारही लठ्ठ असतो आणि तो सगळ्यांना हवा असतो. बाळ गुटगुटीत, पैलवान धष्टपुष्ट, नको असेल तेव्हाच 'अंग सुटलंय'. यातला एकही शब्द निदान नाही. वैद्यकाला 'स्थौल्य' आणि 'मेदोरोग' जुने आहेत. चरकाने अतिस्थूलाला आठ निंदितांत, म्हणजे निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत बसवलंय. अर्थात 'स्थूलमानाने' म्हणजे 'अंदाजे', हीही गंमत आहेच.

– आमच्याकडे अंदाजे चालत नाही हो! परवाचीच फाईल. उंची १६० सेंटिमीटर, वजन १०५ किलो, नर्सने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४१ लिहिलेला. डॉक्टरांच्या नोंदीत फक्त 'वजन कमी करण्याचा सल्ला दिला'. झेड६८.४१ हा बीएमआयचा कोड नर्सच्या आकड्यावरून देता येतो, पण तो एकटा जात नाही, सोबत निदान लागतं. ते डॉक्टरांनीच लिहायला हवं. आकडा ओरडून सांगत असला तरी कोडरने 'ओबेसिटी' स्वतःहून घालायची नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवायची.

– आणि भारतीयांसाठी स्थूलता ३० ऐवजी २५ पासूनच धरतात, हेही मुलांना सांगा. नाहीतर घरच्यांचे बीएमआय काढून खूश होतील.

– १ ऑक्टोबर २०२४ पासून ई६६.८११ ते ई६६.८१३ असे वर्गवार कोडही आलेत ना? मग 'वर्ग ३ स्थूलता' म्हणा, विशेषणाचा घोळच नको.

– डॉक्टरांनी वर्ग लिहिला तर! 'मॉर्बिड' लिहिणारे अजून आहेतच, त्यांच्यासाठी 'तीव्र स्थूलता' घेते. वहीतलं 'मरणाचा' आज खोडायला लावलं.