वाक्याचे शेवटचे शब्द विंगेतच राहतात: श्वास, आवाज आणि उभं राहणं

तिसरी_घंटा
हौशी गटाचं नाटक बसवतो आहे. आठ नट, सगळे नवे, प्रयोगाला सहा आठवडे. तालमीआधी रोज पाऊण तास व्यायामाला मिळतो. वाक्याची सुरुवात नीट ऐकू येते, पण शेवटचे दोन शब्द विरतात. आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी. 'मी तुला पैसे देणार नाही' यातलं 'नाही' गेलं की अर्थच उलटा. 'मोठ्याने' म्हटलं की ओरडतात आणि दीड तासात घसे बसतात. शिवाय संवाद नसला की ताठ उभे, हातांचं काय करायचं ते कळत नाही. पाऊण तास कशावर खर्च करू?

खर्ज
पहिले दोन आठवडे श्वासावरच. नवा नट छाती फुगवून, खांदे उचलून श्वास घेतो आणि पहिल्या दोन-तीन शब्दांत निम्मी हवा सोडून देतो. उरलेलं वाक्य तो गळ्याने ढकलतो. घसा बसतो तो इथे.

पाठीवर झोपवा, गुडघे उभे, तळपाय जमिनीला. एक हात पोटावर, एक खालच्या बरगड्यांच्या कडेला. 4 मोजेपर्यंत श्वास आत. पोट आणि बरगड्या पसरल्या पाहिजेत, खांदे जागेवर. मग 'स्स्स' करत सोडायचा. सुरुवातीला 12-15 सेकंद, हळूहळू 20-25. घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा: 'स' शेवटपर्यंत एकसारखा हवा. आधी जोरात आणि शेवटी थरथरता आला तर वेळ कितीही भरो, तो धरू नका. शेवटचा थेंबही पिळून काढू देऊ नका, गळा आवळतो. 4-5 वेळा पुरे, मधे साधे श्वास. चक्कर आली तर लगेच थांबवा.

मग उभं राहून तुमचंच वाक्य, शेवटाकडून: 'नाही.' 'देणार नाही.' 'पैसे देणार नाही.' असं मागे मागे जात पूर्ण वाक्यापर्यंत. दरवेळी 'नाही'ला पहिल्या वेळेइतकाच जोर मिळाला पाहिजे. ज्या पायरीवर तो पडतो, तिथे त्या नटाची हवा संपते. तेवढंच वाक्य घोटायचं.

पडद्यामागे
शब्दोच्चारांसाठी दातांत पेन्सिल धरून उतारा वाचायला लावा. जीभ सुटते.

खर्ज
याला माझा विरोध आहे. पेन्सिल धरायला जबडा आवळावा लागतो आणि नव्या नटांचा जबडा आधीच आवळलेला असतो. त्याऐवजी वाक्यातले नुसते स्वर म्हणायला लावा: 'ई, उ-आ, ऐ-ए, ए-आ, आ-ई.' तोंड पूर्ण उघडावंच लागतं. तीन वेळा स्वर, मग लगेच व्यंजनांसह वाक्य. फरक त्याच मिनिटाला ऐकू येतो.

आवाज तापवायला ग्लासात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ 2 सेंटिमीटर बुडवा आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, खालच्या पट्टीतून वर आणि परत, 3-4 मिनिटं. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब उलटा येतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात.

तळपाय
शरीराचं. गुडघे मागे रेटून उभं राहिलं की कंबर आत जाते, पोट आवळतं आणि वर सांगितलेला सगळा श्वास परत छातीत चढतो. म्हणून आधी गुडघे सैल, पावलं नितंबांइतक्या अंतरावर, वजन टाच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा या तिन्हींवर. जोर लावताना हनुवटी पुढे काढण्याची खोड असते. तिने मानेचे स्नायू ताणले जातात आणि स्वरयंत्र जखडतं. बोलता बोलता मान हळू डावी-उजवी वळवायला सांगा. वळत नसेल तर ताण तिथे आहे.

हातांबद्दल काहीच सांगू नका, सांगितलं की ते आणखी लाकडी होतात. पाय बघा. अस्वस्थ नट अर्धी अर्धी पावलं टाकत डुलतो. नियम एकच: पाऊल उचललं तर पूर्ण टाकायचं, नाहीतर उचलायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा अख्खा प्रवेश मुका करा. संवाद नसले की समोरच्याकडे बघावंच लागतं. हात आपोआप सुटतात.

नाटकात कोणी कोसळत असेल तर आधी गादीवर: खाली बसत पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, मग खांदा. हनुवटी छातीकडे. तळहात टेकायचा नाही, मनगट जातं.

तिसरी_घंटा
घसा बसलेल्यांना कुजबुजत बोलायला सांगितलंय. बरोबर ना?

खर्ज
नको. कुजबुजीने स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो, गप्प बसणं चांगलं. खाकरणंही बंद, त्याऐवजी घोट गिळा. प्यायलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवर पडत नाही; म्हणून प्रयोगाआधी घटाघटा न पिता दिवसभर थोडं थोडं. वाफ मात्र थेट पोचते. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, किंवा बोलताना दुखत असेल तर त्याआधीच, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा.

आणि तालमीत एकाला शेवटच्या रांगेत बसवा. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्याने परत म्हणायचा. त्याला म्हणता आला नाही तर वाक्य पुन्हा. प्रेक्षक भरले की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, तेव्हा रिकाम्या सभागृहात काठावर पास झालेलं वाक्य प्रयोगात नापास होतं.