मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती कमी निघाल्या, तर दोष आईचा?

गोदाकाठ (धागा)
मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने कॉलेज रोडवरच्या एका शिबिरात 'पेशींची बॅटरी' मोजून घेतली. बॅटरी म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीत ऊर्जा बनवणारे बारीक भाग. त्यांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो. रक्तात त्याच्या प्रती किती, ते मोजलं. रिपोर्टवर लाल अक्षरांत 'कमी', आणि खाली एक ओळ: 'हा वारसा आईकडून मिळतो.' सासूबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. तेव्हापासून घरात मावशीचं नाव निघालं की बहिणीचा चेहरा उतरतो. आता बहिणीच्या चौथीतल्या मुलीचंही रक्त तपासायचं चाललंय.

माझं मत: ती ओळ चुकीची आहे, आणि धडधाकट माणसाच्या हातात हा आकडा देऊच नये. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, हे खरं. पण त्यावर जनुकं अवघी 37, त्यातली प्रथिनं बनवणारी 13. त्याच्या प्रती काढणारं, त्या सांभाळणारं एकही प्रथिन त्यात नाही. ती सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, आणि तिथे निम्मा वाटा बापाचा. 2023 साली 'नेचर'मध्ये 2,74,832 लोकांच्या रक्तातल्या डीएनएचा अभ्यास आला. प्रतींच्या संख्येशी जोडलेल्या केंद्रकातल्या 92 जागा त्यात सापडल्या. पाणी गोदावरीचंच, पण नाशकात किती सोडायचं ते गंगापूर धरणाच्या दरवाजांवर असतं.

सातपूरकर
असहमत. आईचा संबंधच नसेल, तर ब्रिटनने 2015 साली बाळासाठी दुसऱ्या बाईच्या बीजांडातले मायटोकॉन्ड्रिया वापरायला कायद्याने परवानगी कशाला दिली? आणि वयाबरोबर प्रती कमी होत जातात, हेही त्याच अभ्यासात आहे. मग आकड्याला अर्थ आहेच की. माझ्या वडिलांनाही 'काही त्रास नाही, तर साखर कशाला मोजायची' असं सांगणारे भेटले होते. पायाचा अंगठा काढावा लागला तेव्हा मोजली. लोकांना माहिती मिळू द्या.

गोदाकाठ
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण साखर वाढली तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांना ठाऊक असतं. इथे आकडा कमी आला म्हणून बहिणीला कॅप्सूलचे डबे विकले. ब्रिटनची परवानगी ज्या आयांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएतच बिघाड आहे त्यांच्यासाठी. बिघाड वेगळा, संख्या वेगळी.

पंचवटी_लॅब
मी वीस वर्षं रक्त तपासतेय, म्हणून लिहिते. नळी फिरवली की खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये सायीसारखा पातळ पांढरा थर राहतो. डीएनए काढायचा तो बहुतेक त्या थरातून. त्यात पांढऱ्या पेशी असतात आणि प्लेटलेटही. प्लेटलेटला केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया मात्र असतात. आकडा काढतात तो केंद्रकातल्या डीएनएच्या तुलनेत, म्हणजे थर उचलताना प्लेटलेट जास्त आल्या तर आकडा फुगतो. उलट, जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया कमी, म्हणून आकडा उतरतो. सातपूरकर, वयाचा निष्कर्षही रक्तपेशींचं प्रमाण हिशेबात घेऊन मगच काढलाय. ताईंच्या रिपोर्टसोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होती का?

अंजनेरी
एक विनंती, मोजणीच निरुपयोगी आहे असं म्हणू नका. माझ्या पुतण्याच्या यकृतात या प्रती फार कमी निघाल्या, तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं. तुकडा यकृताचा घेतला होता, रक्ताचा आकडा नव्हे. मग जनुक तपासणीत पीओएलजी नावाच्या जनुकात दोष सापडला. मायटोकॉन्ड्रियल डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम त्या जनुकावरून बनतं. डॉक्टरांनी ताबडतोब फिट्सचं व्हॅल्प्रोएट बंद केलं, कारण या दोषात त्याने यकृत निकामी होऊ शकतं. पुतण्याला दोषाची एक प्रत भावाकडून आली, एक वहिनीकडून. दोघं आते-मामे भावंडं. पण 'मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आई' एवढंच ऐकलेल्या नातेवाइकांनी दोन वर्षं बोल लावले ते फक्त वहिनीला. भाऊ गप्प बसायचा, याचा मला अजून राग आहे.

सातपूरकर
अंजनेरी, हे मला माहीत नव्हतं. रिपोर्टवरची ती ओळ काढायलाच हवी, मान्य. पण स्वतःच्या पैशाने मोजायचं तर मोजू द्या, या मतावर मी ठाम आहे. फक्त सीबीसी सोबत जोडा आणि कॅप्सूल विकू नका.

गोदाकाठ
पंचवटीताई, सीबीसी नव्हता. बहिणीला आत्ताच फोन केला. शिबिराच्या आधीचे चार दिवस ती घशाच्या संसर्गाने तापात होती. तुमचा प्रतिसाद तिने सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी 'बापाचा निम्मा वाटा' हे दोनदा विचारून घेतलं. नातीचं रक्त काढायचं सध्या थांबलंय.